तनाजुल

2024 चा गणपती. ताईकडे चिंचवडला, दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. आरती झालेली, प्रसादाच्या वाट्या हातात आणि टीव्हीवर परत बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराचं प्रकरण. ऑगस्टमध्ये लोक रुळांवर उतरले तेव्हापासून घरोघरी तेच चाललं होतं, त्या दोन चिमुरड्यांची नावं कुणालाच माहीत नव्हती पण आवंढा सगळ्यांनाच येत होता. शेजारचे काका म्हणाले भरचौकात फाशी दिली पाहिजे. कुणीतरी रांझ्याच्या पाटलाचा चौरंग काढला, तो अशा वेळी निघतोच. आणि भाचा, एकोणीस वर्षांचा, एरवी मोबाइलमधून मान वर न करणारा, एकदम ताठ बसून म्हणाला, "सौदीसारखा कायदा पाहिजे आपल्याकडे. शुक्रवारी चौकात आणायचं आणि सगळ्यांसमोर उडवायचं. मामा, तू होतास ना तिथे, सांग ना यांना, कुणाची हिंमत होते का तिथे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. बारा वर्षं रियाधला काढलेला माणूस, त्यामुळे या विषयात माझा शब्द म्हणजे पक्की साक्ष. आणि मी मान डोलावली. "हो, कायद्याची भीती आहे तिथे," एवढंच बोललो. ताई ओट्यापाशी नारळ खवत होती, तिने मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत खवायला लागली.

ती डोलावलेली मान मला अजून छळते.

कारण मी खोटं बोललो नव्हतो. भीती खरंच आहे. 2007 साली पहिल्यांदा गेलो तेव्हा विमानात भरायला दिलेल्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं होतं की अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड. त्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट तर मला आजही दिसते. आईने दिवाळीच्या आधीच अनारसे करून डबा भरून ठेवला होता, आणि रात्री दहाला तिकडच्या एका मित्राचा फोन आला की खायचं काय आणतोयस ते सांग, खसखस असेल तर बिलकुल आणू नकोस. आम्हाला कुणालाच कळेना. खसखस! ती अफूच्या बोंडातली, म्हणून तिकडे बंदी, मसाल्यात दळलेली असली तरी. आई रडकुंडीला आली, म्हणाली ठेव इथेच. तर ताईने काय केलं, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक अनारसा हातात घेऊन सुरीच्या पाठीने त्याची खसखस खरवडत बसली. जाळी पडलेल्या त्या भोकांत अडकलेले दाणे टाचणीने काढले. रात्रीचा एक वाजला. शेवटी भावोजी म्हणाले, अगं एक दाणा राहिला तरी हा अडकेल, आणि तो डबा काही मी नेला नाही. नेला असता तर कदाचित काहीच झालं नसतं, कस्टमवाल्याने फार तर कचऱ्यात टाकला असता. पण रियाधला उतरलो आणि समोर त्या माणसाने माझी बॅग उपडी केली, तेव्हा मी मनात नुसते दाणे मोजत होतो, शर्टाच्या शिवणीत एखादा गेला असेल का, नखात असेल का. काही केलेलं नसताना अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आणि मग त्याच भीतीची सवय लागते, नंतर ती आवडायलाही लागते, हे कबूल केलं पाहिजे. बकाल्यासमोर, म्हणजे किराणा दुकानासमोर, गाडी एसी चालू ठेवून, किल्ली आत ठेवून लोक दूध आणायला जायचे. पाकीट विसरलेल्या टेबलावर पाकीट मिळायचं. आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे की नमाजाच्या वेळी सराफ दागिन्यांवर फडकं टाकून मशिदीत जायचा, मी काही ते पाहिलं नाही, मी अर्ध्यावर ओढलेली शटरं पाहिली, पण आत हात घालणारं कुणी पाहिलं नाही हेही खरं. सुट्टीवर घरी आलो की मी हे सगळं रंगवून सांगायचो. भाचा तेव्हा लहान होता, मांडीवर बसून ऐकायचा. त्याच्या डोक्यातलं सौदी मीच भरवलेलं आहे.

जे सांगितलं नाही ते असं, की रियाधमधल्या बाथा भागाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये पगाराच्या दिवशी आमच्या कॅम्पमधले लोक एकटे जायचे नाहीत. एका बांगलादेशी सफाईवाल्याला तीन पोरांनी चाकू दाखवून मोबाइल, पाकीट आणि इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, सगळं काढून घेतलं, आणि तो पोलिसांकडे जायला तयार होईना. इकामा नाही म्हणजे आधी तूच आत, असं त्याला वाटत होतं, आणि त्याला ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भीती होतीच, फक्त ती कुणाच्या वाट्याला किती यायची ते आधीच ठरलेलं असायचं.

रियाधच्या दीरा चौकाबद्दल लोक हमखास विचारतात. मस्मक किल्ल्याच्या जवळ, इमाम तुर्कींच्या मोठ्या मशिदीसमोरचा तो फरसबंद चौक, बाहेरून आलेले सगळे त्याला चॉप चॉप स्क्वेअर म्हणायचे. 2008 च्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, खजूर घ्यायला गेलो होतो. जुम्माची नमाज सुटली आणि लोक बाहेर पडून घरी जायच्या ऐवजी थांबले. पोलिसांच्या गाड्या होत्या. मी मागेच होतो, एका खांबाला टेकून, आणि पुढचा एक माणूस मला हाताने खुणावत होता की ये, पुढे ये, बघ. परदेशी दिसला की त्याला पुढे करतात असं ऐकलं होतं. लाउडस्पीकरवर अरबीत काहीतरी वाचलं गेलं, बराच वेळ. मग एवढ्या गर्दीत एकदम शांतता. मला दिसलं काहीच नाही, पुढे नुसत्या पांढऱ्या पाठी होत्या. मग त्या पाठी सगळ्या एकदम किंचित मागे सरकल्या, जशी लाट सरकते तशी, आणि कुणीतरी मोठ्याने अल्लाहचं नाव घेतलं. बस एवढंच. मी मान खाली घालून वळलो. हातातल्या पिशवीत दोन किलो सुक्करी खजूर होते. संध्याकाळी त्याच चौकावरून परतलो तर फरशी धुतलेली, मुलं फुटबॉल खेळत होती, बायका चटया टाकून चहाचे थर्मास उघडत होत्या. घरी येऊन मी जेवलो, आणि नीट जेवलो. त्या जेवणाचंच पुढे मला जास्त वाटत राहिलं.

हे सगळं मला समजावून सांगितलं ते आमच्या साइटवरच्या फोरमनभाईंनी. दापोलीकडचे कोकणी मुसलमान, वीस वर्षं तिकडे, घरी आंब्याची कलमं. रात्री मेसबाहेर खुर्च्या टाकून बसायचो. मी पहिल्यांदा विचारलं की हा हात तोडण्याचा वगैरे कायदा तुम्हाला कसा पटतो, तर ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमी तलवारीकडंच बघता. आधी खातं कुणाचं हाय ते बघा." म्हणजे असं, की काही गुन्ह्यांच्या शिक्षा कुराण-हदीसमध्येच ठरलेल्या, त्या हुदूद. पण त्या लागू व्हायला अटी इतक्या कडक की व्यभिचाराला डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार लागतात, चोरी नीट सांभाळून ठेवलेल्या जागेतून आणि ठरावीक किमतीच्या वरची असावी लागते. दुसरं खातं खुनाचं, किसास. जिवाला जीव. पण तो जीव मागायचा की नाही हे राजा ठरवत नाही, काझी ठरवत नाही, मेलेल्याचे वारस ठरवतात. हक खास, म्हणजे खाजगी हक, असं म्हणतात त्याला. ते फाशीच्या जागेवर, तलवार उपसल्यावरसुद्धा माफ करू शकतात, फुकट किंवा दिया, म्हणजे जिवाची भरपाई, घेऊन, आणि कुराणातल्या ज्या आयतीत किसास आहे त्याच आयतीत ही माफीची वाट आहे. वारसांमध्ये एखादं लहान मूल असेल तर ते मोठं होईपर्यंत सगळं थांबतं. दहा-पंधरा वर्षं माणूस तुरुंगात आणि बाहेर एक पोर वाढतंय, आणि ते वयात आलं की त्याला विचारणार, सांग, काय करू याचं. मला हे ऐकून कित्येक दिवस त्या पोराचीच काळजी वाटत होती.

उरलेलं सगळं तिसऱ्या खात्यात, ताझीर. जे ग्रंथात नाही ते काझीने, सरकारने ठरवायचं. आणि खरी मेख इथे आहे असं माझं आता मत झालंय. ड्रग्जची फाशी ही ताझीरमधली. तिथे माफ करायला कुणाची आई नाही, कुणाचा मुलगा नाही. फटक्यांची शिक्षासुद्धा बहुतेक याच खात्यात असायची, 2020 मध्ये या खात्यातली ती त्यांनी बंद केली आणि तेव्हा आम्हाला खरंच बरं वाटलं होतं. मुतव्वा, म्हणजे धर्मपोलीस, त्यांचे पकडापकडीचे अधिकार 2016 लाच गेले, थिएटरं उघडली, बायका गाड्या चालवायला लागल्या. वाटलं, आता हेही सैल होईल. तर 2024 या एका वर्षात तिथे तीनशेच्या वर लोकांना मृत्युदंड दिला गेला, त्यात ड्रग्जवाले शंभरच्या वर, आणि त्यातले बरेच बाहेरून आलेले गरीब. कोण असतात हे लोक? मुंबईचं ते जोडपं आठवत असेल, सौदीत नाही, कतारमध्ये, 2019 ला. नातेवाईक बाईने दोहाची ट्रिप भेट दिली आणि जाताना ओळखीच्यासाठी म्हणून एक पुडकं दिलं, त्यात चार किलो चरस. बायको गरोदर. दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, मुलगी तुरुंगात जन्मली, आणि इथून पुरावे गोळा करून पाठवल्यावर 2021 मध्ये ते सुटून आले. त्यांच्यासाठी धावणारं कुणी होतं. मला त्या बातमीत ताईचा डबा दिसत राहिला.

आता ड्रायव्हरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय माझी मान का छळते ते कळणार नाही.

2009 चा रमजान. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधीची शेवटची दहा मिनिटं, तेव्हा रियाधचे रस्ते वेडे होतात, प्रत्येकाला अजानच्या आत पोचायचं असतं. आमच्या कंपनीचा एक ड्रायव्हर, आझमगढचा, पस्तिशीतला, खर्ज रोडवर पाण्याचा टँकर घेऊन वळला आणि समोरून आलेल्या पिकअपला धडकला. पिकअपमधले म्हातारे गृहस्थ जागीच गेले. मी टाइम ऑफिसला होतो, कागदपत्रं माझ्याकडे म्हणून मंदूबबरोबर, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाबरोबर, मलाही जावं लागलं. गाडीत सगळीकडे खजूर पसरले होते, लबनची बाटली फुटून सीटवरून पांढरं गळत होतं. उपास सोडायची तयारी घेऊन निघाले असणार. मुरूरवाल्यांनी, म्हणजे ट्रॅफिक पोलिसांनी, आमच्या ड्रायव्हरची चूक ठरवली 75 टक्के, तिकडे अशी टक्क्यांतच ठरते. तेव्हा अपघाती मृत्यूची दिया होती एक लाख रियाल, म्हणजे याच्या अंगावर 75 हजार. ती तीन लाख झाली पुढे, 2011 मध्ये. पगार बाराशे. त्याचं हेवी लायसन्स संपलेलं निघालं, इन्शुरन्सने हात वर केले, कंपनीनेही केले. लायसन्स संपलंय हे माहीत असून त्याला त्या टँकरवर कुणी बसवलं होतं, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. ती तारीख माझ्याच रजिस्टरमध्ये होती.

चार महिने तो आत होता. कॅम्पमध्ये वर्गणी फिरली, कुणी वीस रियाल कुणी पन्नास, नेपाळी, तमिळ, पाकिस्तानी, सगळ्यांनी दिले, तरी नऊ हजारांच्या वर काही जाईना. मग महकमात, म्हणजे तिथल्या न्यायालयात, तारीख लागली. आपल्या कोर्टासारखं काही नाही, एक साधी खोली, टेबलामागे बिश्त, म्हणजे पायघोळ झगा, घातलेला काझी, बाजूला कॉम्प्युटरवर कारकून, समोर खुर्च्या. एका खुर्चीत आमचा ड्रायव्हर, आणि त्याच्यापासून दोन हातांवर, मध्ये काहीही नाही, मेलेल्या माणसाचा मुलगा. तिशीचा, शाळामास्तर. आईचा आणि भावंडांचा वकाला, म्हणजे मुखत्यारपत्र, घेऊन आलेला. काझीने त्याला विचारलं, तुझा हक इतका इतका आहे, काय म्हणणं आहे तुझं? तो बराच वेळ बोललाच नाही. ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होता, तुरुंगातल्या रबरी चपला होत्या त्याच्या पायात. मग दुभाष्याला म्हणाला, याला विचार, माझे वडील काही बोलले का शेवटी. ड्रायव्हर म्हणाला नाही, मी उतरून धावत गेलो, त्यांचा हात धरला, ते काही बोलले नाहीत. आणि रडायला लागला. मुलाने खिशातून रुमाल काढला, त्याला दिला नाही, स्वतःचाही चेहरा पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. मग काझीला म्हणाला, वडील रोज्यात गेले, मला त्याच्यावर पैसे घ्यायचे नाहीत. लि वजहिल्लाह. अल्लाहखातर. कारकुनाने टाइप केलं, तनाजुल, हक सोडल्याचा कागद, त्याने सही केली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला.

फोरमनभाई बाहेर कारमध्ये बसले होते, त्यांना सांगितलं तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिले.

गोष्ट इथेही संपली नाही. काझीने ड्रायव्हरला सांगितलं होतं की दिया सुटली पण कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, सुटत नाही, सलग दोन महिने रोजे. ते त्याचं आणि देवाचं, तपासायला कुणी येणार नव्हतं. सुटून आल्यावर त्याने ते धरले. पहाटे साडेतीनला मेसमध्ये एकच ट्यूबलाइट, हा एकटा शिळा खुबूस, तिकडची रोटी, वरणात बुडवून खातोय, आणि फोरमनभाई, स्वतःला रोजा नसताना, त्याच्यासोबत उठून समोर बसलेले. मध्ये त्याला ताप चढला. सगळे म्हणाले आजाऱ्याला सूट आहे, सोड. त्याने ओठाला पाणी लावलं नाही. साठाव्या दिवशी त्याने खजूर तोंडात घातला आणि बराच वेळ चावलाच नाही.

हे मी भाच्याला कधी सांगितलं नाही.

आणि हेही नाही, की त्याच्या पुढच्याच वर्षी आमचा एक गवंडी, तेलंगणातला, त्याच रस्त्यावर गाडीखाली गेला. त्याची कागदपत्रंही मीच केली. मुसलमान पुरुषाची दिया एक लाख होती तेव्हा हिंदूची धरली जायची 6,666 रियाल. पंधरावा हिस्सा. रुपयांत पाऊण लाखाच्या थोडं वर. बाईची परत त्याच्या निम्मी. मी तो आकडा फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहिला, तीनदा सहा लिहून पेन थांबलं, वाटलं चुकून कमी लिहितोय. मग लक्षात आलं की उद्या मी गेलो तर माझाही हाच. फोरमनभाईंना दाखवला, त्यांनी कागद बघितला, परत दिला, आणि म्हणाले, "ह्ये बरोबर नाय. आमच्यातल्याच कित्येक आलिमांनी जीव सारखा म्हटलाय. ह्ये बरोबर नाय." त्या रात्री आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या नाहीत. ज्या कायद्याने मेलेल्याच्या मुलाला खोलीच्या मधोमध बसवून विचारलं त्याच कायद्याने गवंड्याच्या बायकोला हा आकडा सांगितला, आणि ही दोन्ही कागदं माझ्या एकाच कपाटात होती. मला आजही त्यातलं एक बाजूला काढून दुसरं दाखवता येत नाही. सौदीत फाशीची शिक्षा झालेल्या कोझिकोडच्या त्या ड्रायव्हरसाठी केरळच्या लोकांनी 2024 मध्ये 34 कोटी रुपये उभे केले, दीड कोटी रियाल, आणि त्याची फाशी टळली. तरी हक आम, म्हणजे सरकारचा हक, उरलाच, त्यात वीस वर्षांची शिक्षा झाली. ज्याच्यामागे अख्खं केरळ उभं नाही त्याचं काय होत असेल.

तर भाचा. तो पाच वर्षांचा असताना, 2010 मध्ये, भावोजी गेले. सोलापूर हायवेवर, रात्री, मागून ट्रक. रियाधच्या त्या खोलीला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मी तेराव्याला पोचलो. ट्रकवाला दुसऱ्या दिवशी सापडला, जामिनावर सुटला. निष्काळजीपणाने मृत्यूचं तेव्हाचं कलम, 304 अ, जास्तीत जास्त दोन वर्षं. क्लेमचे पैसे आले सात वर्षांनी, चेकने, वकिलाच्या ऑफिसात. खटल्याचं शेवटी काय झालं ते ताईला कुणी कळवलंच नाही. सरकार विरुद्ध अमुक असा तो खटला होता, त्यात ताई फक्त मयताची पत्नी. भाच्याने त्या संध्याकाळी चौक मागितला, तलवार मागितली, ती मुलींसाठी मागितली हे खरंच, पण मला वाटतं त्याच्या आत कुठेतरी एक चौदा वर्षं रिकामी असलेली खुर्चीही होती, आणि ते माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं. आणि मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलेजला गेल्यावर मी ताईला हे सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. मी महकमाबद्दल सांगत होतो, मास्तरबद्दल, रुमालाबद्दल, रबरी चपलांबद्दल, ती काही न बोलता ऐकत होती, बोटं चालू. मी तनाजुलपर्यंत आलो आणि गप्प झालो.

"किती अंतर होतं म्हणालास दोघांच्यात?"

"दोन हात. मध्ये टेबलबिबल काही नाही."

तिने हातातली वात पुरी केली, ताटात ठेवली, पुढचा कापूस घेतला. मग म्हणाली, "मी त्याला बघितलंच नाही रे कधी. कसा होता दिसायला, तेही माहीत नाही."